प्रोस्टेटच्या बायोप्सीत ‘पी६३ निगेटिव्ह’ आलं म्हणजे काय, आणि पुढचं भाकीत कशावरून करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६८ वर्षांचे, मधुमेह आटोक्यात, पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) ७.८. एमआरआयमध्ये प्रोस्टेटच्या डाव्या बाजूला संशयास्पद जागा दिसली म्हणून बायोप्सी केली. बारा तुकड्यांपैकी तीन तुकड्यांत कॅन्सर निघाला. ग्लीसन ३+४=७, ग्रेड ग्रुप २. खाली लिहिलंय, ‘एएमएसीआर पॉझिटिव्ह, पी६३ निगेटिव्ह, एचएमडब्ल्यूसीके निगेटिव्ह’. एक सर्जन म्हणतात लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात तूर्त लक्ष ठेवून थांबलं तरी चालेल. तुम्ही विचारता की दोन मार्कर (पेशींची ओळख पटवणारे रंग) निगेटिव्ह आले म्हणजे आजार जहाल आहे का, केआय-६७ आणि पीटेन करून घ्यावेत का, कोणीतरी सुचवलेली अडीच लाखांची परदेशी जीन-चाचणी करावी का, आणि रक्तातून कॅन्सरच्या पेशी मोजतात त्याचा उपयोग होईल का. शेवटी जाता जाता लिहिलंय की आत्याला ४४व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, आणि बाबांना अजून काहीच सांगितलेलं नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सत्तावीस वर्षं हे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहते आहे. तुम्ही लिहिलेल्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मला आत्याचं वाटलं. त्याकडे येतेच, पण आधी त्या ‘निगेटिव्ह’ची भीती घालवू, कारण ती घेऊन माझ्याकडे महिन्याला दोन-तीन घरं तरी येतात.

प्रोस्टेटची निरोगी ग्रंथी दोन थरांची असते. आतला थर स्राव तयार करणाऱ्या पेशींचा आणि बाहेरून त्याला कडेकडेने वेढणारा तळपेशींचा. पी६३ हा रंग या तळपेशींच्या केंद्रकांना लागतो, एचएमडब्ल्यूसीके त्यांच्या अंगाला. चांगल्या ग्रंथीभोवती स्लाइडवर तपकिरी ठिपक्यांची माळ ओवल्यासारखी दिसते. कॅन्सरच्या ग्रंथीत हा बाहेरचा थर उरतच नाही, म्हणून माळ दिसत नाही. ‘पी६३ निगेटिव्ह’ याचा अर्थ तेवढाच. एएमएसीआर हे एक एन्झाइम आहे, ते कॅन्सरच्या पेशींत वाढलेलं असतं, म्हणून तिथे रंग भरतो. हे तिन्ही मार्कर हा कॅन्सर आहे की नाही एवढंच ठरवण्यासाठी वापरतात. तो पुढे कसा वागेल याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. अगदी सौम्य ३+३ मध्येही हेच तीन निकाल येतात आणि सगळ्यात जहाल ५+५ मध्येही हेच येतात.

उलट एक परिस्थिती अशी आहे की जिथे माळ शाबूत दिसली तर मला जास्त काळजी वाटते. कॅन्सरच्या पेशी कधी कधी जुन्या ग्रंथींच्या आणि नलिकांच्या पोकळीत शिरून तिथेच दाटीवाटीने वाढतात. बाहेरचा तळपेशींचा थर जागेवर असतो, पी६३ पॉझिटिव्ह येतो, पण आत जे भरलेलं असतं ते बहुतेक वेळा आक्रमक असतं. याला नलिकांतर्गत कॅन्सर म्हणतात. तेव्हा पॉझिटिव्ह म्हणजे बरं आणि निगेटिव्ह म्हणजे वाईट (किंवा उलट) असा हिशोब या रिपोर्टला लावू नका.

भाकिताची खरी सुरुवात ग्लीसनपासून होते. डोनाल्ड ग्लीसन हे अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी १९६६ साली २७० रुग्णांवरून ही पद्धत मांडली. त्यांचा वेगळेपणा असा की त्यांनी एकेका पेशीच्या केंद्रकात डोकं घातलं नाही. कमी भिंगातून ग्रंथींची मांडणी पाहिली: सुट्या, नीट गोल ग्रंथी, मग एकमेकींत मिसळलेल्या, मग ग्रंथीच न उरता नुसत्या विखुरलेल्या पेशी. या नमुन्यांना एक ते पाच नंबर दिले, नंबर जितका मोठा तितका आजार जहाल. सगळ्यात जास्त दिसणारा नमुना आधी लिहायचा, दुसरा नंतर. साठ वर्षं होत आली, इतके मार्कर आले, तरी एकट्याने त्याला मागे टाकेल असा मार्कर अजून मिळालेला नाही.

२०१४ साली शिकागोत जगभरच्या पॅथॉलॉजिस्टांची बैठक झाली आणि ग्रेड ग्रुप १ ते ५ ठरले. तुमच्या वडिलांचा ३+४ म्हणजे ग्रुप २, आणि ४+३ असता तर ग्रुप ३. बेरीज दोन्हीकडे सातच, पण फरक मोठा आहे. त्या विभागणीमागे वीस हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास होता. ऑपरेशननंतर पाच वर्षं पीएसए पुन्हा न वाढलेल्यांचं प्रमाण त्यात ग्रुप १ मध्ये ९६ टक्के, २ मध्ये ८८, ३ मध्ये ६३, ४ मध्ये ४८ आणि ५ मध्ये २६ असं निघालं. हे आकडे पीएसए परत वाढण्याचे आहेत, मृत्यूचे नाहीत. घरात वाचून दाखवताना हा फरक आधी सांगा, नाहीतर ‘शंभरातले बारा जातात’ असं कोणीतरी ऐकतं आणि रात्रभर झोपत नाही.

आता तुमच्या रिपोर्टमध्ये जे नाही ते सांगते. ३+४ मध्ये चार नंबरचा नमुना किती टक्के आहे ते लिहिलेलं नाही. पाच टक्के चार असलेला ३+४ हा जवळजवळ ग्रुप १ च्या शेजारी बसतो. पंचेचाळीस टक्के असलेला ४+३ च्या उंबरठ्यावर असतो. लक्ष ठेवून थांबायचं की नाही हे यावर फिरतं, आणि तुमचे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात त्याचं एक कारण हेच असू शकतं.

दुसरी न लिहिलेली गोष्ट म्हणजे चार नंबर कोणत्या प्रकारचा आहे. चार नंबरात तीन-चार तऱ्हा मोडतात. त्यांपैकी एक चाळणीसारखी दिसते: पेशींचा एक मोठा गठ्ठा आणि त्यात पंचने पाडल्यासारखी गोल गोल भोकं. हा चाळणी-नमुना वेगळा मोजायला हवा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या गटाने २०१५ साली दाखवलं की ग्लीसन ७ च्या रुग्णांत आजार दूर पसरण्याचा आणि त्याने मृत्यू होण्याचा धोका या चाळणीशी बांधलेला आहे. चाळणी नसलेले सात बरेच निवांत वागले. मी स्वतः ३+४ चा रिपोर्ट ‘चाळणी-नमुना आहे’ किंवा ‘नाही’ हे लिहिल्याशिवाय सही करत नाही. नलिकांतर्गत कॅन्सर आहे की नाही हेही त्याच ओळीत यायला हवं.

म्हणून कोणताही नवा मार्कर करण्याआधी त्याच स्लाइड दुसऱ्या, प्रोस्टेट नियमित पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या. लॅबमध्ये जाऊन ‘स्लाइड आणि ब्लॉक द्या’ एवढंच म्हणायचं. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमच्या वडिलांचा तुकडा, छोट्या प्लॅस्टिकच्या चौकटीत असतो. तो मागण्यात कोणाचा अपमान नाही, लॅबवाल्यांना याची सवय असते. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये बाहेरून येणाऱ्या रुग्णाच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासतात, ती रोजची रीत आहे. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण वितळतं.

केआय-६७ बद्दल. नाव जर्मनीतल्या कील शहरावरून आलं आणि ६७ हा तिथल्या प्रयोगाच्या ताटलीतल्या खाचेचा क्रमांक. १९८३ साली हे प्रथिन सापडलं. पेशी विभाजनाच्या फेऱ्यात असली की तिच्या केंद्रकात ते असतं, विश्रांतीत असली की नसतं. मग शंभर पेशींत किती तपकिरी झाल्या ते मोजायचं. प्रोस्टेटचा कॅन्सर मुळात संथ, त्यामुळे बहुतेकांत हा आकडा एकअंकी असतो. जास्त आला तर त्याला अर्थ आहे. ब्रिटनमध्ये लगेच उपचार न केलेल्या सुमारे ८०० पुरुषांच्या जुन्या ब्लॉकवर हा मार्कर करून २००९ साली निष्कर्ष आले, आणि ज्यांचा केआय-६७ वर होता त्यांच्यात प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू जास्त दिसले. ग्लीसन आणि पीएसए हिशोबात धरूनसुद्धा. म्हणजे मार्कर खोटा नाही. अडचण मोजण्यात आहे. किती टक्क्यांच्या वर धोका समजायचा याची सगळीकडे मान्य अशी रेषा नाही, आणि सुईएवढ्या तुकड्यात मोजायला पेशीही बेताच्याच असतात.

एक उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावाहून एक कुटुंब आलं. हातातल्या रिपोर्टवर केआय-६७ तीस टक्के. आजोबांचा ग्लीसन ३+३. मुलगी रडत होती, ऑपरेशनची तारीखही घेऊन झाली होती. मी स्लाइड लावली. त्या तुकड्यात सूज होती, ग्रंथींच्या मधे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी दाटून बसल्या होत्या. या पेशी विभाजन करत असल्या की त्यांनाही हाच रंग लागतो. मोजणाऱ्याने त्या सगळ्या कॅन्सरच्या म्हणून धरल्या होत्या. नुसत्या कॅन्सरच्या ग्रंथी एकेक करून मोजल्या तेव्हा आकडा दोन टक्के भरला. तारीख रद्द झाली. म्हणून केआय-६७ करायचाच तर ‘कुठे मोजला, किती पेशी मोजल्या’ हे रिपोर्टवर लिहून मागा.

पीटेनवर माझा विश्वास केआय-६७ पेक्षा जास्त आहे. हे दहाव्या गुणसूत्रावरचं जीन, १९९७ साली सापडलं. पेशीला वाढीचा हुकूम देणाऱ्या एका साखळीवर ते ब्रेक लावून असतं. ब्रेक गेला की गाडी उताराला लागते. प्रोस्टेटच्या मूळ गाठींपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांत पीटेन पूर्ण हरवलेलं असतं, वरच्या ग्रेडमध्ये जास्त, खालच्या ग्रेडमध्ये कमी. हा रंग वाचायला मला आवडतो, कारण तपासणी स्वतःची साक्ष स्वतः देते. शेजारची निरोगी ग्रंथी आणि मधले तंतू तपकिरी, आणि त्याच चित्रात कॅन्सरच्या ग्रंथी मात्र कोऱ्या, नुसत्या निळसर. शेजारी रंग चढलेला असल्यामुळे ‘रंगच नीट बसला नसेल’ ही शंका राहत नाही. शेजारही कोरा असेल तर रिपोर्ट देऊ नये, पुन्हा रंगवावं.

पीटेन हरवणं खालच्या ग्रेडमध्ये दिसलं तर ते जास्त बोलकं असतं. बायोप्सीत ३+३ आलेल्या माणसाचं पीटेन गेलेलं असेल तर पूर्ण प्रोस्टेट काढल्यावर वरची ग्रेड निघण्याची शक्यता वाढते, कारण सुई मोठ्या गाठीच्या कडेलाच लागलेली असू शकते. माझ्याच हातून हे झालेलं आहे. मी ३+३ म्हणून सही केली, रुग्ण लक्ष ठेवण्यावर राहिला, दोन वर्षांनी पीएसए चढला आणि ऑपरेशनमध्ये ४+३ निघाला. मी जुना ब्लॉक काढून पीटेन रंगवून पाहिलं. गेलेलं होतं. पहिल्याच दिवशी रंगवलं असतं तर दुसरी बायोप्सी लवकर झाली असती. तेव्हापासून जो रुग्ण लक्ष ठेवण्याचा रस्ता धरणार आहे, त्याच्या सर्वांत मोठ्या कॅन्सर-तुकड्यावर मी पीटेन सुचवतेच. तुमच्या वडिलांच्या बाबतीतही दुसऱ्या वाचनात चार नंबर थोडाच निघाला आणि चाळणी नसली, तर पीटेन जरूर करा. पीटेन शाबूत असेल तर थांबायला बळ मिळतं. गेलेलं असेल तर ऑपरेशन किंवा रेडिएशनचा विचार पुढे सरकतो. आणि दुसऱ्या वाचनातच चाळणी दिसली, तर पीटेन काय म्हणतं याने फारसं काही बदलणार नाही. तो खर्च वाचवा.

ईआरजी नावाचा आणखी एक मार्कर रिपोर्टांत दिसतो. एकविसाव्या गुणसूत्रावरची दोन जीन्स, त्यांतलं एक ईआरजी, एकमेकांना चिकटतात, हे मिशिगनमधल्या संशोधकांनी २००५ साली शोधलं. गोऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांत हे सापडतं, चिनी आणि जपानी रुग्णांत पुष्कळ कमी. शोध म्हणून फार मोठा, पण एकट्या ईआरजीवरून भाकीत होत नाही. करू नका.

परदेशी जीन-चाचण्यांबद्दल. डिसायफर २२ जीन्स पाहते, ऑन्कोटाइप १७, प्रोलॅरिस मुख्यतः पेशीविभाजनाची जीन्स पाहते. त्याच मेणाच्या ब्लॉकमधून आरएनए काढून गुण देतात. डिसायफरचा गुण शून्य ते एकमध्ये येतो, ०.६ च्या वर गेला की धोका जास्त समजतात. या चाचण्या चांगल्या आहेत, काही रुग्णांत मी स्वतः सुचवल्या आहेत. पण त्यांच्या मोजपट्ट्या प्रामुख्याने अमेरिकेतल्या रुग्णांवर बेतलेल्या आहेत, आणि त्यासाठी लागणारा तुकडा खर्ची पडतो. तुमच्या वडिलांच्या तिन्ही तुकड्यांत मिळून कॅन्सर किती मिलिमीटर आहे ते रिपोर्टमध्ये पाहा. फार थोडा असेल तर तो आधी दुसऱ्या वाचनाला आणि पीटेनला वापरायचा. मी डॉक्टरांना नेहमी एकच विचारते: गुण कमी आला तर काय कराल, जास्त आला तर काय कराल? दोन्हीचं उत्तर एकच असेल तर अडीच लाख कशाला घालवायचे? घर गहाण ठेवून चाचणी करणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिते.

रक्तातल्या कॅन्सर-पेशींची मोजणी तुमच्या कामाची नाही. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर भाकीत वाईट, हे हाडांत पसरलेल्या आणि हार्मोनच्या उपचाराला दाद न देणाऱ्या आजारासाठी आहे. त्या पेशींतला एआर-व्ही७ हा मार्करही त्याच टप्प्यावरचा. प्रोस्टेटपुरत्या आजारात रक्तात बहुधा काही सापडत नाही आणि न सापडण्याने काही सिद्धही होत नाही.

थांबणं सुरक्षित का असू शकतं, हेही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं ऑपरेशन, रेडिएशन आणि लक्ष ठेवणं अशा तीन गटांत वाटलं गेलं होतं. १५ वर्षांचे निकाल २०२३ साली आले. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू झालेले सगळे मिळून २.७ टक्के, आणि तीन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र आजार दूर पसरण्याचं प्रमाण लक्ष ठेवलेल्यांत ९.४ टक्के होतं, बाकी दोन गटांत पाचच्या आसपास. त्यातल्या तीन चतुर्थांश पुरुषांचा ग्लीसन ६ (३+३) होता, म्हणजे वडिलांपेक्षा एक पायरी खाली. तेव्हा हा अभ्यास तुमच्यासाठी दिलासा आहे, पण तो जसाच्या तसा वडिलांना लावता येणार नाही.

आता आत्या. ४४व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर म्हणजे घरात बीआरसीए२ या जीनचा बिघाड वाहत असण्याची शक्यता विचारात घ्यावीच लागते. हे जीन तुटलेला डीएनए दुरुस्त करतं. लोक त्याला बायकांचं जीन समजतात, पण ते आईकडून येतं तसं वडिलांकडूनही येतं, आणि पुरुषात बिघडलेलं असलं की प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर, जास्त जहाल आणि लवकर पसरणारा होण्याकडे कल असतो. मघाशी सांगितलेला नलिकांतर्गत कॅन्सर आणि चाळणी-नमुना या रुग्णांत जास्त वेळा भेटतो. लक्ष ठेवण्यावर असलेल्या ज्या पुरुषांत बीआरसीए२ चा बिघाड असतो, त्यांची ग्रेड पुढच्या बायोप्सीत वर जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त दिसली आहे. तेव्हा दोन डॉक्टरांच्या वादात कौल देऊ शकेल अशी चाचणी ही आहे. ती रक्तावर किंवा लाळेवर होते, तुकडा खर्ची पडत नाही, भारतात होते आणि त्या परदेशी चाचणीच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते.

बाकीचे मार्कर आजाराची चाल सांगतात. बीआरसीए२ त्याशिवाय औषधाबद्दलही सांगतं. आजार पुढे पसरलाच आणि हार्मोनच्या औषधांना जुमानेनासा झाला, तर ओलापॅरिबसारख्या गोळ्या याच बिघाडावर काम करतात, अमेरिकेत २०२० पासून त्यांना या आजारासाठी मान्यता आहे. आणि हा निकाल एकट्या वडिलांचा राहत नाही. त्यांच्यात बिघाड निघाला तर तो तुमच्यात आणि तुमच्या बहिणीत असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. बहिणीच्या स्तनांची तपासणी लवकर सुरू होईल, तुमचा पीएसए चाळिशीपासून पाहिला जाईल, आत्याच्या मुलांनाही कळवावं लागेल. म्हणून चाचणीआधी आणि नंतर जनुकीय सल्लागाराशी बोलणं व्हायला हवं, आणि संमतीची सही वडिलांची लागते. तुमची चालत नाही.

इथे तुमचं शेवटचं वाक्य येतं. बाबांना न सांगता यातलं काहीही पुढे जाणार नाही. लक्ष ठेवायचं ठरलं तर ठरावीक महिन्यांनी पीएसए, मधे एमआरआय, पुन्हा बायोप्सी असा तो वर्षानुवर्षांचा कार्यक्रम आहे, आणि कशासाठी ते माहीत नसलेला माणूस दुसऱ्या खेपेलाच ‘मला काही होत नाही, कशाला सुया’ म्हणून नकार देतो. ६८ वर्षांच्या माणसाला बारा सुया टोचल्यावर शंका आलेलीच असते, फक्त घरचे गप्प म्हणून तोही गप्प बसतो. एखाद्या संध्याकाळी शेजारी बसा आणि बोलण्याची सुरुवात त्यांच्या बहिणीपासून करा. आत्याच्या दोन्ही स्तनांत आजार होता का, आजी कशाने गेल्या, चुलत्यांपैकी कोणाला लघवीचा त्रास होऊन पाठीची हाडं दुखायला लागली होती का, हे सल्लागार विचारणारच आहेत, आणि ही माहिती घरात बाबांशिवाय कोणाकडेच नाही.